साखर-कारखान्यातील अल्पसुधारणा व उत्पादकता

कारखान्याची उत्पादकता वाढावयाची तर नवी यंत्रसामग्री हवी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आर्थिक इतिहास मात्र तिला पूर्णतः दुजोरा देत नाही. स्वीडनमधील होर्नडाल येथील पोलाद-कारखान्यात सुमारे पंधरा वर्षे उल्लेखनीय नवी भांडवल-गुंतवणूक झाली नव्हती. तरीही दर श्रम-तासामागील उत्पादन प्रतिवर्षी सुमारे २ टक्क्यांनी वाढत गेले. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये याच उदाहरणाच्या आधारे 'कृतीतून शिक्षण' ही कल्पना मांडली. सॅम्युअल हॉलंडर यांनी १९६५ मध्ये ड्यू पाँट कंपनीच्या रेयॉन-कारखान्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खर्चातील घटीचा मोठा वाटा किरकोळ तांत्रिक बदलांचा होता, असे त्यातून दिसून आले.

परंडा तालुक्यातील सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे प्रसिद्ध आहे. आज तेथे भैरवनाथ शुगर वर्क्स हा साखर-कारखानाही आहे. अशा कारखान्यात अल्पसुधारणांचे मोल किती, हे एका कल्पित हिशेबाने पाहू. दररोज २,५०० टन उसाचे गाळप झाल्यास सुमारे ३० टक्के, म्हणजे ७५० टन चिपाड निघते. चिपाडात राहून जाणारी साखर २.२ टक्क्यांवरून २.० टक्क्यांवर आली, तर दिवसाला १.५ टन आणि १२० दिवसांच्या हंगामात १८० टन साखर रसात अधिक येईल. तीपैकी काही मळीत जाईल, हे खरे. तथापि चरकाच्या रुळांमधील अंतर वेळच्या वेळी जुळविणे, चिपाडावर सोडावयाचे पाणी बेताचे व गरम ठेवणे, एवढ्याने हे साधू शकते. पाणी भरमसाट वाढविल्यास मात्र रस आटविण्यास वाफ अधिक लागते. चरकाची नित्य स्वच्छता आणि तोडणीनंतर उसाचे त्वरित गाळप यांमुळेही साखरेचा नाश टळतो.

वरील हिशेबातील लाभ उसाच्या वजनाच्या अवघा ०.०६ टक्का आहे. परंतु उसाची रास्त व किफायतशीर किंमत उताऱ्याशी निगडित आहे. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३४० रुपये, आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्यास ३.३२ रुपये अधिक, असा दर ठरला होता. टनामागे ही वाढ ३३.२० रुपये होते. परंड्यासारख्या अवर्षणप्रवण भागात उसाला दिलेले पाणी अनमोल असते. चिपाडाबरोबर जळणारी साखर ही त्या पाण्याचीही हानी होय.

अडचण आहे ती सातत्याची. गाळप हंगामी, कामगारांचा एक वर्गही हंगामी. त्यामुळे एका हंगामात कमावलेले कौशल्य पुढील हंगामापर्यंत टिकेलच असे नाही. शिवाय लाझोनिक व ब्रश यांनी १९८५ मध्ये अमेरिकेतील एका कापडगिरणीच्या अभ्यासावरून दाखविले की, होर्नडालसारख्या वाढीमागे केवळ अनुभव नसतो, मालक-मजूर संबंधांचाही त्यात भाग असतो. म्हणून चरकाजवळच्या कामगाराचे निरीक्षण नोंदवहीत उतरणे, त्याला तोच कामगार पुन्हा कामावर मिळणे आणि लाभात वाटा असणे, या तीन गोष्टींवाचून अल्पसुधारणा साचत जात नाहीत. उत्पादकतेच्या अभ्यासकाने यंत्रांच्या यादीइतकेच या नोंदवह्यांकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.