समुद्राचा सातबारा कुणाच्या नावावर?

मुंबई-गोवा महामार्गावरील कसाल हे गाव आमच्या लोकांना चांगले माहीत आहे. जिल्हा न्यायालय, जिल्हाधिकारी कचेरी, जिल्हा परिषद हे सारे जेथे आहे ते ओरोस, म्हणजेच सिंधुदुर्गनगरी, येथून जवळच. जात पडताळणीचे काम असो, जमिनीच्या दाव्याची तारीख असो की ॲट्रॉसिटीच्या केसमधील साक्ष असो, कार्यकर्ते कसालच्या तिठ्यावर चहा घेतात आणि कचेरीची वाट धरतात. त्याच तिठ्यावरून एक रस्ता पश्चिमेला मालवणकडे फुटतो. मुंबई-पुण्याच्या गाड्या तेथून भरभरून तारकर्ली-देवबागला जातात. १९९७ साली सिंधुदुर्ग हा देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पण त्या रस्त्याला आमची माणसे क्वचितच वळतात. कामाशिवायही समुद्रावर जायचे असते, हे आपल्या घरांत कुणी कधी सांगितलेलेच नाही.

आता चळवळीतल्या एका वकिलाने सर्फिंगवर, म्हणजे लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभे राहण्याच्या खेळावर लेख लिहावा, हे पाहून काही वाचक कपाळाला आठ्या घालतील. पोरांच्या शिष्यवृत्त्या वेळेवर मिळत नाहीत आणि वकीलसाहेब लाटांवर खेळताहेत! त्यांना आमची एवढीच विनंती की लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग खुशाल पत्र लिहावे.

डिसेंबरात मुलांना सुट्टी होती म्हणून आम्ही सहकुटुंब मालवण तालुक्यात चार दिवस काढले. अकरावीतल्या मुलीने हट्ट धरला की स्कुबा नको, केळ्यासारखी बोटही नको, फळीच शिकायची. एका किनाऱ्यावर गाबीत समाजाचा एक तरुण हे शिकवतो असे कळले. घरची होडी आहे, बाप अजून रापणीला जातो; हा गोव्यात राहून फळी शिकून आला आणि सेकंडहँड चार फळ्या घेऊन बसला. एका वेळी एकच शिकाऊ, दीड तास, दोन हजार रुपये. मुलीबरोबर आम्हीही नाव दिले. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने पोरीसमोर माघार घ्यायची नसते.

पहिला अर्धा तास वाळूतच गेला. साडेआठ फुटांची, वरून मऊ फोमची फळी. तिच्यावर पालथे पडायचे, पायाची बोटे मागच्या टोकाला, छाती उचललेली, नजर पुढे. लाट मागून आली की हाताने तीन-चार वल्ही मारायची, तळवे बरगड्यांपाशी टेकवायचे आणि एका झटक्यात दोन्ही पाय पोटाखाली घेऊन आडवे उभे राहायचे. गुडघ्यावर थांबायचे नाही. फळीचा पट्टा मागच्या पायाच्या घोट्याला बांधलेला असतो, म्हणजे माणूस पडला तरी फळी दूर जात नाही. पडायचे कसे याचा धडा वेगळा. डोके खाली करून उडी नाही, अंग पसरून सपाट पडायचे आणि वर येताना डोक्यावर हात धरायचे, कारण फळी उलटून डोक्यावरच येते. "आदी पडूक शिका, मगे उभे रवा," असे तो दर दोन मिनिटांनी म्हणायचा. पायाकडे पाहिले की तोल जातो, किनाऱ्याकडे पाहिले की राहतो, हे तिसऱ्या लाटेला पटले. मुलगी सहाव्या लाटेला उभी राहिली. आम्ही अकराव्या. फार तर तीन सेकंद. पण त्या तीन सेकंदांत पायाखालचे पाणी आपल्याला वाहून नेते आहे आणि आपण बुडत नाही आहोत, ही जी जाणीव होते ती आम्हाला कोणत्याही भाषणातून कधी झाली नव्हती.

पण लेखाचे कारण हे नव्हे. वाळूत उतरण्याआधी त्याने पहिला प्रश्न विचारला होता : "वकीलसायब, पोवाक येता?"

मुलीला येते, शहरातल्या तलावात फी भरून शिकली. आम्हाला येत नाही. आमच्या वडिलांना येत नव्हते, आजोबांना येत नव्हते. घरात पोहणारा माणूस आम्ही पाहिलाच नाही. का? महाराष्ट्रातील खेड्यात पोहण्याची शाळा म्हणजे विहीर. कमरेला वाळलेला भोपळा, पांगाऱ्याचे लाकूड नाहीतर तेलाचा रिकामा डबा बांधून थोरला भाऊ धाकट्याला विहिरीत ढकलून देतो आणि आठ दिवसांत पोर तरंगू लागते. त्या विहिरीच्या काठावर आमच्या वस्तीतल्या पोरांना उभेही राहू देत नसत. ज्याला पाणी वरून ओंजळीत ओतले जायचे, तो त्या पाण्यात उडी कशी मारणार? अस्पृश्यतेने आमच्या तोंडचे पाणी पळवले हे सगळेच लिहितात. तिने आमचे पोहणेही पळवले, हे कुणी लिहीत नाही. पाण्यात कसे जगावे ही बापाने मुलाला द्यायची विद्या असते आणि ती आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या आलीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात तीन लाख माणसे बुडून मेली. त्या आकड्यात पोहता न येणारे किती आणि त्यांना ते का येत नव्हते, हा हिशेब कोण मांडणार?

महाडचा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे, तरी एक तपशील पुन्हा पाहू या. मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव १९२३ साली मंजूर केला आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले. कागदावर. तळ्यावर पाय पोहोचले ते २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांच्या मागून. तीन वर्षे कायदा खुला होता आणि पाणी बंद होते! पुढे सनातन्यांनी दावा लावला तो काय म्हणून? तळे सार्वजनिक नाही, ते आमचे खासगी आहे आणि तशी रूढी आहे, म्हणून. दहा वर्षे दावा चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी रूढी अनादि काळापासून असल्याचे वादींना सिद्ध करता आलेले नाही.

'खासगी' हा शब्द आजही किनाऱ्यावर भेटतो. काही ठिकाणी दोरी बांधलेली असते, पाटी असते, रखवालदार असतो. म्हणून कायदा माहीत हवा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम २० सांगते की भरतीच्या रेषेखालील समुद्राचा, बंदराचा, खाडीचा तळ ही राज्य शासनाची मालमत्ता होय. एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन म्हटले की अशा नैसर्गिक संपत्तीचे शासन हे मालक नसून विश्वस्त आहे आणि जनता ही लाभार्थी आहे. तेव्हा भरतीच्या ओल्या रेषेपलीकडे कुणी अडवले, तर त्याला आधी सातबारा दाखवायला सांगावे.

आणि फळी शिकवणारा? तो म्हणाला, "मी तुम्हाला शिकवत नाही," तर? येथे २९ नोव्हेंबर १९४८ चा दिवस आठवावा लागतो. त्या दिवशी संविधान सभेत आज जे कलम १५ आहे त्यावर चर्चा चालू होती. दुकान म्हणजे नेमके काय, असा प्रश्न सदस्यांनी काढला. बाबासाहेबांनी उत्तर दिले की हा शब्द संकुचित अर्थाने घेतलेला नाही. सेवा मागायला येईल त्या कुणालाही जो आपली सेवा देऊ करतो, त्याची ती जागा म्हणजे दुकान. केवळ आत शिरू देणे पुरेसे नाही, अटी मान्य असतील तर सेवाही दिली पाहिजे. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात याच उत्तराचा आधार घेतला. वाळूत चार फळ्या मांडून बसलेला तरुण हा त्या अर्थाने दुकानदारच. दोन हजार रुपये ही अट, ती ज्याने मानली त्याला लाट मिळालीच पाहिजे. त्या तरुणाने आमचे आडनाव विचारले नाही, हे येथे नमूद करतो. जेथे आम्ही उतरलो तेथे मात्र चहाआधी आडनाव, आडनावानंतर गाव आणि गावानंतर वाडी विचारून झाली होती. वाडीचे नाव ऐकल्यावर जेवण खोलीवर येऊ लागले. सोय म्हणून, असे सांगण्यात आले!

ज्यांना वाटते की हा खेळ गोऱ्या श्रीमंतांचा आहे, त्यांनी हवाई बेटांचा इतिहास वाचावा. लाटेवर उभे राहणे ही तेथील मूळनिवासींची विद्या. १८२० साली अमेरिकेतून मिशनरी आले, त्यांनी याला आळशीपणा आणि निर्लज्जपणा ठरवले; बाहेरून आलेल्या रोगांनी माणसेही मेली. १८९३ मध्ये तेथील राणीचे राज्य उलथले, १८९८ मध्ये बेटे अमेरिकेने गिळली. पुढे १९०८ साली वायकीकीला आउटरिगर कनू क्लब निघाला, त्यात भरणा गोऱ्यांचा. मग मूळनिवासी तरुणांनी १९११ साली आपला 'हुई नालू' क्लब काढला. त्यांच्यातला ड्यूक कहानामोकू १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला आणि त्यानेच ही विद्या ऑस्ट्रेलियापर्यंत नेली. ज्यांच्याकडून घेतली त्यांनाच बाहेर ठेवायचे, ही रीत आपल्या ओळखीची नाही काय?

त्याच मातीतला एडी आयकाऊ. वायमिया किनाऱ्यावरचा जीवरक्षक. १९७२ साली तो स्पर्धेसाठी दक्षिण आफ्रिकेत डर्बनला गेला. हॉटेलने खोली नाकारली, कारण हॉटेल गोऱ्यांचे. तेथे १९५३ च्या कायद्याने समुद्रकिनारेसुद्धा कातडीच्या रंगाने वाटलेले होते. अमेरिकेत कायद्याची गरजही लागली नाही. २७ जुलै १९१९ रोजी शिकागोच्या सरोवरात यूजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा काळा मुलगा तराफ्यावर तरंगत गोऱ्यांच्या बाजूला गेला. किनाऱ्यावरून दगड आले, मुलगा बुडाला. त्यातून उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे मेली. पाण्यात कुणी रेघ ओढलेली नव्हती. माणसांच्या डोक्यात होती.

आपल्या देशात २००४ च्या सुमारास कर्नाटकातील मुल्की येथे या खेळाची शाळा उभी राहिली, २०११ साली महासंघ झाला. तामिळनाडूत कोवलम आणि महाबलीपुरम येथे मच्छीमारांची पोरे यात पुढे आली. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला झालेल्या आशियाई स्पर्धेत रमेश बुदिहाल याने कांस्यपदक मिळवले. वैयक्तिक प्रकारातले भारताचे हे पहिलेच. ऑलिम्पिकमध्ये टोकियोपासून हा खेळ आहे, २०२६ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांतही त्याचा समावेश झाला. म्हणजे उद्या खेळाडूंच्या कोट्यातून नोकऱ्या लागतील तेव्हा यादीत सर्फिंगही असेल. तेव्हा आपली पोरे कुठे असतील? पोहताच येत नसेल तर अर्ज तरी कोण करणार? समाजकल्याणच्या वसतिगृहांत संगणक मागतो, ग्रंथालय मागतो, तसे पोहण्याचे शिक्षणही मागितले पाहिजे. जिल्ह्याच्या ठिकाणी नगरपालिकांचे तलाव आपल्याच करातून चालतात.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार कामाच्या गोष्टी. पाण्याची ओढ आत खेचू लागली तर किनाऱ्याकडे झुंजू नये, किनाऱ्याला समांतर सरकावे. ओढीचा पट्टा अरुंद असतो, तो संपला की बाहेर यावे. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, तेव्हा कुणी चोरून नेतो म्हणाला तरी जाऊ नये. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कुबाच्या पर्यटकांची बोट उलटून दोघे दगावले, हे विसरू नये. अंगावर जॅकेट आणि शिकवणाऱ्याचे प्रमाणपत्र हे पैसे देण्याआधी पाहावे. बहुतेक ठिकाणी 'काही झाल्यास आम्ही जबाबदार नाही' अशा कागदावर सही घेतात. त्या सहीने निष्काळजीपणा माफ होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे निष्काळजीपणा ही सेवेतील त्रुटीच ठरते आणि तक्रार आपण जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. नांदेडच्या माणसाने ओरोसला खेटे घालण्याची गरज नाही. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.

त्या तरुणाशी निघताना आमचे बोलणे झाले. जवळच्या बौद्धवाडीतली दहा-बारा पोरे एखाद्या रविवारी पाठवली तर तो निम्म्या पैशांत शिकवायला तयार आहे. त्याच्या अटी दोन : प्रत्येक चार पोरांमागे घरचे एक मोठे माणूस वाळूत बसलेले पाहिजे, आणि ज्यांना पोहता येत नाही त्यांनी पहिले दोन रविवार फळीला हात न लावता नुसते कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून लाट अंगावर घ्यायची.