निवृत्ताची मोटार

इंग्लंडमधील एखादा निवृत्त गृहस्थ सकाळी गुलाबांची छाटणी आटोपून दुपारी जुन्या, उघड्या टपाच्या एमजीबीतून खेड्यापाड्यांत भटकू लागला, की आपल्याकडे त्यास म्हातारचळ म्हणतील. हा उपहास अनाठायी आहे. १९६२ ते १९८० या काळात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. कारखाना बंद पडला, तरी सुटे भाग मिळत राहिले. १९८८ पासून तर तिचा पत्र्याचा सांगाडाही नव्याने घडविला जाऊ लागला. चाळीस वर्षांपुढील मोटारींना तेथे वाहनकर माफ आहे. इंजिन साधे, त्यामुळे बरीचशी दुरुस्ती घरच्या घरी होते. (पेट्रोल मात्र कोणी फुकट देत नाही!)

परंतु या सुखाचा खरा आधार आहे तो खात्रीच्या निवृत्तिवेतनाचा. तेथे सरकारी वृद्धवेतन १९०९ साली सुरू झाले. सत्तरीनंतर, आठवड्याला फार तर पाच शिलिंग. आपल्याकडे उलट, १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य शासनाच्या सेवेत आलेल्यांना जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी अंशदायी योजना लागू झाली. उद्या हाती किती पडेल हेच ज्याला उमगत नाही, तो मोटार कसली घेणार? गुलाबाचे कलम घेतानाही तो दोनदा भाव विचारील.