पहिली रांग कोणाची?

शर्यत कोणी जिंकली हे सगळेच विचारतात. ती कोणी कोठून सुरू केली, हे मात्र हरलेल्याच्या घरीच बोलले जाते. प्रस्तुत लेख त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. विषय गो-कार्टचा आहे, पण सुरुवात बैलांपासून करतो; कारण पांढुर्णा-सौंसर भागात वाढलेल्या माणसाला शर्यत म्हटले की आधी पटच आठवतो.

मी सातवी-आठवीत असताना सौंसरजवळच्या एका गावी पट भरला होता. दोन जोड्या शेजारी-शेजारी सोडायच्या, जी आधी पोहोचेल ती पुढे, असा नियम. मामांची जोडी होती. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला. नाल्याकडची पट्टी ओली, दुसरी उंचावरची आणि कोरडी. कोणती पट्टी कोणाला हे कोणी ठरवले, कसे ठरवले, कोणालाच सांगता आले नाही. यजमान गावची जोडी कोरडीवर उभी होती एवढे खरे. मामांचा डावा बैल तिसऱ्या-चौथ्या झेपेतच घसरला. सुदैवाने बैलाला इजा झाली नाही. मामा घरी येऊन एवढेच म्हणाले, “बैल नाई हारले बाप्पा, पट्टी हारली.” त्यानंतर त्यांनी कधी पटाला जोडी नेली नाही, आणि त्या गावच्या सोयऱ्यांकडे जाणे-येणेही बरीच वर्षे बंद होते.

या प्रश्नाला उत्तरे अनेक आहेत. पश्चिम महाराष्ट्रात एकेका गटात अनेक गाड्या एकदम सुटतात, तेथे गट आणि जागा चिठ्ठ्या टाकून ठरवतात. आमच्या वऱ्हाडाकडच्या शंकरपटात एकेक जोडी सोडून घड्याळावर सेकंद मोजण्याचीही रीत आहे. घड्याळ आले की पट्टीचा वाद मिटला असे वाटते. पण तो मिटत नाही, दुसऱ्या ठिकाणी जाऊन बसतो. सकाळी पळालेल्या जोडीला घट्ट जमीन मिळते. दुपारी चाळिसाव्या क्रमांकावर आलेल्या जोडीला उन्हाचा तडाखा आणि खुरांनी उकरलेली माती. म्हणजे ‘कोठे उभे राहायचे’ याऐवजी ‘केव्हा पळायचे’ हा प्रश्न उरतो.

कानडी विभागाच्या वाचकांना दक्षिण कन्नडचा कंबळ ठाऊक असेलच. चिखलाच्या दोन जोडपट्ट्या, त्यांवर रेड्यांच्या जोड्या. अशा पट्ट्यांना तेथे जोडुकरे म्हणतात आणि त्यांना जोडनावे देतात: मियारला लव-कुश, मूडबिद्रीला कोटी-चेन्नय. मला हे फार आवडते. पहिली पट्टी आणि दुसरी पट्टी म्हटले की मनात उच्च-नीच आलेच. लव आणि कुश म्हटल्यावर कोण थोर, कोण धाकटा? अर्थात नावाने चिखलाची खोली समान होत नाही, हेही खरे.

(कायद्याचीही एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली. पुढे तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांनी आपापले कायदे दुरुस्त केले आणि 18 मे 2023 च्या निकालात घटनापीठाने त्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. आमचा पांढुर्णा जिल्हा, जो 2023 मध्येच छिंदवाड्यापासून वेगळा झाला, मध्य प्रदेशात आहे. त्या निकालापुढचे कायदे या तीन राज्यांचेच होते.)

आता कार्टकडे वळू. कार्ट म्हणजे जमिनीला टेकल्यासारखी बुटकी चारचाकी. तिला ना छत, ना स्प्रिंगा. 1956 साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स याने गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवून पहिली कार्ट बनवली. सेना, शूमाकर, हॅमिल्टन हे सारे याच बुटक्या गाडीतून मोठ्या गाडीत गेले. मराठी मुलखात कोल्हापूरला मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक आहे. राष्ट्रीय रोटॅक्स मॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तेथे झालेल्या आहेत.

कार्टचा ट्रॅक अरुंद आणि वळणांचा असतो. सरळ पट्टीवरील बैलजोडीला शेजारच्या जोडीचा अडथळा नसतो. येथे मात्र पुढची गाडी हाच मोठा अडथळा. बारा गाड्या दोन-दोनच्या रांगांत सुटल्या आणि पहिले वळण उजवीकडे असले, तर उजव्या ओळीतल्या गाड्या एकामागून एक आतून निघून जातात आणि डाव्या ओळीतल्या बाहेर फेकल्या जातात. म्हणून दुसऱ्या क्रमांकाची जागा पुष्कळदा तिसऱ्यापेक्षा वाईट ठरते! शेवटच्या रांगेतल्या मुलाला तर पहिल्या वळणावरची धडकाधडक पाहतच वाट काढावी लागते.

मग ही जागा कोणाला द्यायची? ‘जो आधी येईल त्याला’ हा सर्वांत जुना आणि सर्वांत आळशी उपाय. 30 मे 1911 रोजी अमेरिकेत इंडियानापोलिसची पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली, तेव्हा चाळीस गाड्यांच्या रांगा प्रवेशअर्ज ज्या क्रमाने आले त्या क्रमाने लावल्या होत्या. जिंकला रे हॅरून, अठ्ठाविसाव्या जागेवरून. पण पाचशे मैलांत अठ्ठाविसावी जागा भरून काढता येते. क्लबच्या शर्यतीत जेमतेम दहा-बारा चकरा असतात, तेथे हॅरूनचे उदाहरण कामाचे नाही.

1929 साली मोनॅकोची पहिली शर्यत झाली तेव्हा जागा चिठ्ठ्यांनी ठरल्या. 1933 साली तेथेच सरावातल्या वेळेवरून रांगा लावल्या गेल्या, आणि हीच पद्धत पुढे जगभर रूढ झाली. जो वेगवान तो पुढे. ऐकायला न्याय्य वाटते, आणि मोठ्या शर्यतींत ते न्याय्य आहेही. क्लबात मात्र दोन अडचणी येतात. एक पैशाची: नवे टायर पहिल्या काही चकरांतच उत्तम पकड देतात, तेव्हा ज्याचे वडील वेळ घेण्यापुरता नवा संच देऊ शकतात तो मुलगा पुढच्या रांगेत जातो. दुसरी, गंमत म्हणजे, पटाच्या बरोबर उलटी. पटाची माती पळून-पळून बिघडते; डांबरी ट्रॅकवर टायरचे रबर घासून बसते आणि तो पळून-पळून सुधारतो. तेथे आधीच्याचे फावते, येथे नंतरच्याचे. 2003 ते 2005 या काळात फॉर्म्युला वनमध्ये एकेका गाडीने एकट्याने वेळ द्यायची पद्धत होती, तेव्हा कोणी कधी निघायचे हाच कळीचा प्रश्न होऊन बसला होता.

काही ठिकाणी मागच्या निकालाचा क्रम उलटा करतात. जिंकलेला मागे, हरलेला पुढे. प्रेक्षकांना मजा येते. पण हुशार चालक उलटापालटीचा नियम पाहून मुद्दाम मागे राहायला शिकतो, आणि शर्यतीत मुद्दाम मागे राहायला शिकवणारा नियम मला तरी पटत नाही.

क्लबासाठी मला पटते ती पद्धत चिठ्ठी आणि कर्तबगारी यांचा मेळ घालणारी. दिवसभरात तीन छोट्या प्राथमिक फेऱ्या. त्यांच्या जागा चिठ्ठीने, आणि अंतिम शर्यतीची रांग त्या फेऱ्यांच्या गुणांवरून. मात्र प्रत्येक फेरीला स्वतंत्र चिठ्ठी नको. एखाद्या अभाग्याला तिन्ही वेळा शेवटची जागा यायची. एकदाच चिठ्ठी काढावी आणि चिठ्ठीवर तिन्ही जागा लिहिलेल्या असाव्यात. बारा गाड्या असतील तर जागांच्या बेरजेची सरासरी साडेएकोणीस येते. पहिल्या चिठ्ठीवर 1, 7, 12. दुसरीवर 2, 8, 10. याच क्रमाने सहावीवर 6, 12, 2. या साऱ्यांची बेरीज 20. सातवीवर 7, 1, 11. आठवीवर 8, 2, 9. बारावीवर 12, 6, 1. यांची बेरीज 19. मधल्या चिठ्ठ्या वाचकांनी स्वतः भरून पाहाव्यात, कोणतीही जागा एका फेरीत दोघांना येत नाही.

हा तक्ता मांडून मी खूश झालो होतो. मग दुसरी चिठ्ठी पुन्हा पाहिली: 2, 8, 10. तिन्ही जागा सम, म्हणजे तिन्ही वेळा बाहेरची ओळ! आणि नववीवर 9, 3, 7, म्हणजे तिन्ही वेळा आतली. बेरीज सारखी आणि नशीब मात्र वेगळे. कागदावरचा न्याय असा फसवतो. उपाय सोपा निघाला. दुसऱ्या फेरीत ओळींची अदलाबदल करायची, सम क्रमांक आत आणि विषम बाहेर. या तक्त्यात पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या जागांत नेहमी सहाचेच अंतर आहे, त्यामुळे पहिल्या दोन फेऱ्यांत प्रत्येकाला एकदा आतली आणि एकदा बाहेरची ओळ आपोआप मिळते. पट्ट्या बदलून दुसऱ्यांदा पळवण्याचीच ही रीत झाली. मामांना त्या दिवशी एवढेच हवे होते.

नवख्यांचा प्रश्न वेगळा. ब्रिटनमधल्या क्लबांत नव्या चालकाच्या गाडीला काळी पाटी लावतात आणि काही शर्यतींपर्यंत त्याला चिठ्ठी काहीही येवो, मागेच उभे करतात. येथे न्यायापेक्षा हाडे महत्त्वाची, आणि ते मला मान्य आहे. मात्र ही सूट सर्वांना आधी माहीत असावी.

गुण समान झाले तर पहिल्या फेरीत जो पुढे होता त्याला वरची जागा द्यावी. तेथे घड्याळ आणू नये, नाहीतर नव्या टायरचा खर्च मागच्या दाराने परत येतो. चिठ्ठ्या सर्वांसमोर, शक्यतो ज्याची गाडी शर्यतीत नाही अशा लहान मुलाच्या हातून काढाव्यात, आणि तिन्ही फेऱ्यांचा तक्ता पहिली गाडी सुरू होण्याआधी फळ्यावर लिहून ठेवावा. फळा असा ठेवावा की कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या बापालाही तो वाचता यावा.