कामावर घेण्यापूर्वी : शेतमजुराची मुलाखत



गट कार्यालयात ऊस नोंदीसाठी येणारे सभासद हल्ली उसाबद्दल कमी आणि माणसांबद्दल जास्त बोलतात. "साहेब, बेणं मिळतं, खत मिळतं, पण कामाला माणूस मिळत नाही," हे पहिले वाक्य. "आणि मिळाला तर टिकत नाही," हे दुसरे. पहिल्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नाही. शहर, बांधकामे, कारखाने आणि गोदामे यांनी शेतातला माणूस ओढून नेला आहे, हे उघड आहे. पण दुसऱ्या वाक्यावर मी नेहमी एक उलटा प्रश्न करतो, "त्याला कामावर घेताना तुम्ही त्याच्याशी काय बोललात?"

बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. "बोलायचं काय त्यात? म्हटलं, उद्यापासून ये."

या "उद्यापासून ये" विषयीच आज चार गोष्टी लिहायच्या आहेत. कारण एकेकाळी मी स्वतः पुण्यात असाच एका मळ्याच्या फाटकापाशी मजुरीसाठी उभा राहिलो होतो. तिथे जे पाहिले ते अजून विसरलेलो नाही.

२००१ सालचा जून

कृषी पदविका पदरात पडली होती, पण नोकरीचा पत्ता नव्हता. घरी तीन एकर ऊस आणि खाणारी तोंडे सात. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हमाली करणाऱ्या एका नातेवाइकाने निरोप धाडला की हडपसर-मुंढव्याकडे एका बागायतदाराला मळ्यावर आणि रोपवाटिकेत मजूर पाहिजेत. वडील म्हणाले, "जाऊन तर ये. कामाला लाज कसली?"

एस.टी. तेव्हा शिवाजीनगरच्या जुन्या स्थानकावर थांबायची. ते स्थानक मेट्रोच्या कामामुळे २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलले. तिथून जवळच १९०७ साली सुरू झालेले आपले कृषी महाविद्यालय. त्याची दगडी इमारत बाहेरूनच डोळे भरून पाहिली, पदवीला जाता आले असते तर, असा विचार मनात आला, आणि पी.एम.टी.ची बस धरली. अंगात इस्त्रीचा शर्ट, काखेत प्रमाणपत्रांची फाईल. मजुरीला निघालेला माणूस फाईल नेत नसतो, हेसुद्धा मला ठाऊक नव्हते.

फाटकापाशी माझ्याआधी आणखी एक जण आलेला होता. बीडकडचा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. पायात झिजलेल्या वहाणा आणि हातात कापडी पिशवी. मालक साठीच्या पुढचे होते. त्यांनी माझी फाईल हातातसुद्धा घेतली नाही. म्हणाले, "हात दाखव." मी दाखवले. मग त्या गड्याला म्हणाले, "तू दाखव." त्याच्या तळहाताला कोयत्याचे घट्टे होते. माझा तळहात वहीच्या पानासारखा. मालक फक्त हसले.

मग दुसरा प्रश्न, "सकाळी काय खाऊन आलास?" मी म्हटले, चहा. मालक म्हणाले, "चहावर दुपारपर्यंत वाकून काम होईल का रे?" तेव्हा मला ही थट्टा वाटली होती. आता कळते की तो फार शहाणा प्रश्न होता. उपाशी माणूस उन्हात चक्कर येऊन पडतो आणि त्याची जबाबदारी मालकावर येते.

तिसरी परीक्षा बेण्याची. दहा महिन्यांचा ऊस पुढ्यात टाकला आणि मालक म्हणाले, "दोन डोळ्यांची टिपरी तोडा, आणि सरीत मांडून दाखवा." मी पुस्तकातले सगळे सांगू शकलो असतो. पण घरची लागण दरवर्षी मजूर करायचे आणि मी बांधावर उभा राहून मोजायचो. माझा कोयता दोनदा-तीनदा बसला, टिपरीचे टोक चिरले. मांडताना एक डोळा वर आणि एक डोळा खाली अशा टिपऱ्या ठेवत गेलो. तिथे काम करणारी एक मावशी पाहत होती. ती जवळ आली आणि न बोलता एकेक टिपरी पाव वळसा फिरवून गेली. डोळे दोन्ही बाजूंना आले. म्हणाली, "खालचा डोळा मातीत तोंड घालून बसतो बाळा. वर यायला त्याला वेळ लागतो."

बीडच्या गड्याने एका घावात टिपरी पाडली. प्रत्येक उसाचा बुडख्याकडचा जून भाग बाजूला टाकला, दबलेला डोळा दिसला की ती टिपरीही टाकली. त्याला कुणी सांगितले नव्हते.

मालकांनी दोघांनाही ठेवून घेतले. त्याला कामासाठी, आणि मला बहुधा रोपवाटिकेची वही लिहिण्यासाठी.

जे विचारले गेले नाही

आता मुख्य गोष्ट. निघताना मी भीत भीत विचारले, "मालक, हजेरी किती पडेल?" ते म्हणाले, "६० रुपये." तोच प्रश्न त्या गड्याच्याही ओठांवर आलेला मी पाहिला. पण तो एवढेच बोलला, "काय द्यायचं ते द्या मालक. तुम्ही काय कमी देणार आहात?"

शनिवारी हिशेब झाला. माझ्या हातावर ६० रुपयांनी पैसे पडले. त्याच्या हातावर ४५ रुपयांनी. कारण सांगितले की तो नवीन आहे. नवीन तर मीही होतो! आणि त्या आठवड्यात त्याने माझ्या तिप्पट काम केले होते. तो काही बोलला नाही. पैसे मोजले, पिशवीत ठेवले, सगळ्यांना रामराम केला. सोमवारी तो आला नाही. मंगळवारीही नाही.

मालक पुढे कित्येक दिवस म्हणत होते, "काय चांगला गडी होता! पण ही माणसं टिकतच नाहीत बघा." मी सगळे पाहिले होते, तरी गप्प राहिलो. तोंड उघडले तर माझे ६० जातील की काय, ही भीती. त्या गप्प बसण्याची बोच आजही आहे, आणि म्हणूनच हा लेख.

सभासद बंधूंनो, त्या मालकांनी परीक्षा फार उत्तम घेतली होती. हात पाहिले, पोट पाहिले, कसब पाहिले. पण मुलाखतीचा अर्धा भाग राहून गेला. मजुराने काय करायचे ते सांगितले, मालक काय देणार ते सांगितले नाही. त्या अर्ध्या राहिलेल्या बोलण्यापायी मळ्यावरचा सर्वात चांगला माणूस गेला आणि सर्वात कच्चा माणूस, म्हणजे मी, टिकलो.

बोलणी ही आपली जुनीच रीत

मुलाखत हा शब्द कचेरीतला वाटतो, पण गोष्ट आपल्या घरातली आहे. सालगडी ठेवायचा तर पाडव्याला बोलणी व्हायची. धान्य किती, कपडे किती, घोंगडी, वहाणा, सणाची सुट्टी, सगळे दोघांच्या तोंडून ठरायचे. त्या पद्धतीत दोषही मोठा होता. उचल दिली की गडी बांधला जायचा, आणि एका पिढीची उचल दुसरी पिढी फेडत बसायची. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद केली ती याच कारणाने. उचल देऊन माणूस अडकवता येतो असे आजही कोणाच्या मनात असेल तर ते काढून टाकावे. तो गुन्हा आहे, आणि अडकलेला माणूस मन लावून काम करीत नाही हेही खरे. दोष टाकावा, बोलणीची रीत मात्र ठेवावी.

पुण्याच्या परिसरात तर मजुराला दुसरे दार पूर्वीपासून उघडे आहे. कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तेव्हाच त्यांना दिसले की कित्येक कुटुंबांचे शेतीवर भागत नाही आणि गावची माणसे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला जातात. आज त्या गावात शेताच्या जागी उंच इमारती आहेत. शंभर वर्षांपूर्वी जे पिंपळे सौदागरला होते ते आज आपल्या गटातल्या प्रत्येक गावाला आहे. मजुराला कुठे ना कुठे दुसरे काम आहे. जिथे पैसा आधी कळतो, तिथे तो जाणार.

काय विचारावे, काय पाहावे

१) तोंडी प्रश्न थोडे ठेवा. "येतं का?" असे विचारले तर प्रत्येक जण "येतं" म्हणतो. त्याऐवजी विचारा, "गेल्या हंगामात कुठं होतास आणि तिथं काय काम केलंस?" केलेल्या कामाबद्दल माणूस खरे आणि सविस्तर बोलतो.

२) अर्धा दिवस काम करून पाहा, आणि त्या अर्ध्या दिवसाची मजुरी द्या. परीक्षा म्हणून फुकट राबवून घेऊ नये.

३) लागणीसाठी माणूस घेत असाल तर त्याला टिपरी तोडायला लावा. कोयता धारदार आहे का हे तो आधी पाहतो का? घाव एकच बसतो का? खराब डोळा टाकतो का? एक डोळ्याची टिपरी असेल तर डोळ्याच्या वर एक तृतीयांश आणि खाली दोन तृतीयांश भाग ठेवतो का? दोन डोळ्यांच्या टिपऱ्या एकरी सुमारे १०,००० लागतात. दहात एक चुकीची पडली तरी एकरात हजार जागी कोंब उशिरा येणार किंवा नांग्या पडणार. मजुराच्या हातात तुमचे टनेज असते ते असे.

४) येत नसेल तर लगेच परत पाठवू नका. एकदा दाखवा आणि दुसऱ्यांदा करताना पाहा. सांगितलेले ऐकून हात बदलतो तो माणूस ठेवण्यासारखा. मला त्या मावशीने टिपरी एकदाच फिरवून दाखवली होती.

५) फवारणीचे काम असेल तर आधी केले आहे का, अंगावर काही उठते का, हे विचारा. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग त्याला ओळखता येतो का पाहा. लाल सर्वात विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्या मानाने सौम्य. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-मजुरांचे प्राण गेले. हातमोजे, तोंडाला फडके, हात धुवायला साबण-पाणी तुमच्याकडे नसेल तर त्या कामासाठी माणूस बोलावूच नये. आणि अठरा वर्षांखालच्या पोराच्या पाठीवर पंप देऊ नये.

काय सांगावे

हा भाग आपण गाळतो, म्हणून तो वेगळा लिहिला आहे. मजुरी किती, ती रोज मिळणार की आठवड्याला, आठवड्याला तर कोणत्या वारी. काम किती वाजता सुरू आणि किती वाजता बंद. जेवण कोणाचे, आणि तुमचे असेल तर त्याचे पैसे कापणार का. रात्रीच्या पाण्याची पाळी त्याच्याकडे आहे का, असेल तर तिचे वेगळे काय. पावसाने काम बंद पडले तर काय. एवढे सांगायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

त्याच कामाला बाई असो वा बुवा, पैसा सारखाच. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला होता. पण खुरपणीला आलेल्या बाया ओळीत पुरुषांच्या पुढे असतात आणि हिशेबात मागे, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

ठरलेले एका कागदावर लिहा आणि त्याला वाचून दाखवा. त्याला वाचता येत नसेल तर त्याच्याबरोबरच्या कोणाकडून वाचून घ्या. आणि मजुराने पैशाचे विचारले तर कपाळाला आठी घालू नका. पहिल्या दिवशी पैसे विचारणारा माणूस लोभी नसतो. तो टिकायच्या विचाराने आलेला असतो.

आपल्या पोरांसाठी दोन शब्द

आपल्यापैकी कित्येकांची मुले पुण्याकडे रोपवाटिकांत, फुलांच्या मळ्यांवर आणि बागांत पहिल्या कामासाठी जातात. त्यात कमीपणा काही नाही. त्यांना सांगून ठेवा : येत नाही ते येते म्हणू नका, "दाखवलं तर शिकेन" म्हणा. जेवून जा. कामाचे कपडे घालून जा, प्रमाणपत्र मागितले तर दाखवा. आणि मजुरी, वेळ आणि हिशेबाचा वार या तीन गोष्टी विचारल्याशिवाय परत फिरू नका. नम्रपणे विचारा, पण विचाराच.

त्याआधी त्यांना स्वतःच्या शेतात एकदा सरीत उतरवा. बांधावरून मोजणारा पोरगा फाटकापाशी कसा उघडा पडतो, ते मी वर लिहिलेच आहे.

पुढे कारखान्याच्या नोकरीत आलो. दरवर्षी बेणेमळ्यावर मजूर घ्यायची वेळ येते. पहिल्या दिवशी मी प्रत्येकाचे हात पाहतो, टिपरी तोडून घेतो, आणि मग स्वतःहून सांगतो, "हजेरी इतकी, हिशेब अमक्या वारी, आता तुला काय विचारायचं ते विचार." काही जण लाजतात, खाली बघतात. मग मी थांबतो. तो बीडचा गडी विचारू शकला नव्हता, हे मला आठवते.

येत्या लागणीला आपल्या बांधावर नवा माणूस उभा राहील तेव्हा "उद्यापासून ये" म्हणण्याआधी पाच मिनिटे खाली बसा. त्यालाही बसवा. आधी पाणी द्या आणि मग बोला.

आपला,
ऊस विकास अधिकारी