अंतरीची हाक आणि रुपेरी पडदा

चाकणच्या कारखान्यांपासून भामचंद्र डोंगर फारसा दूर नाही. त्या डोंगरावरील गुहेत तुकोबांनी एकांत सेवून ईश्वरचिंतन केले, असे वारकरी परंपरा मानते. या परिसरातील कामगाराचा मुलगा सुटीच्या दिवशी चित्रपटगृहात अचाट बळाच्या वीराचे पराक्रम पाहतो. आणि ज्येष्ठ वद्यात देहूहून निघून आकुर्डीस विसावणारी तुकोबांची पालखीही पाहतो. या दोन दर्शनांत काही नाते आहे काय, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही.

2004 साली आलेल्या ‘स्पायडर-मॅन 2’ या चित्रपटाचेच उदाहरण घ्यावे. परोपकाराच्या व्रतापायी पीटर पार्कर या तरुणाचा अभ्यास बुडतो, नोकरी सुटते, जिवलग दुरावतात. अंगचे बळही ओसरू लागते, तेव्हा वीराचा वेष फेकून देऊन तो चारचौघांसारखे जगू पाहतो. इतक्यात एक घर पेटते. अंगी बळ उरलेले नसतानाही तो आगीत शिरून एका मुलीचा जीव वाचवतो. येथे एक मर्म उघड होते. बळ होते म्हणून हाक आली नव्हती. बळ गेले तरी हाक उरलीच होती.

धर्मजीवनाची कसोटी याहून निराळी नाही. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ 1936 साली प्रदर्शित झाला. दामले व फत्तेलाल यांनी तो दिग्दर्शित केला, विष्णुपंत पागनीस यांनी तुकोबांची भूमिका केली आणि 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातही चमत्कार आहेत, वैकुंठास नेणारे विमान आहे. गावोगावच्या प्रेक्षकांनी ते डोळे विस्फारून पाहिले. परंतु कथेचा कणा आहे तो इंद्रायणीत बुडवलेल्या वह्यांचा. परंपरेप्रमाणे तुकोबांनी तेरा दिवस नदीकाठी धरणे धरले. वह्या तरल्या हा चमत्कार खरा. पण त्या तरतील अशी कोणतीही खात्री नसताना निष्ठा ढळली नाही, ते या कथेतील मोठेपण होय.

येथवर साम्य झाले; भेदही ध्यानी घेतला पाहिजे. पाश्चात्त्य वीर मुखवटा घालून एकटा वावरतो. देहूच्या वाण्यास मुखवटा नव्हता. दुष्काळात घर उद्ध्वस्त झाल्यावर त्याने आपल्या वाट्याची कर्जखते नदीत सोडली, अशी आख्यायिका आहे; म्हणजे हाकेला दिलेले पहिले उत्तर ऋणकोंची सुटका हे होते. शिवाय त्याची वाट एकट्याची राहिली नाही. तिची वारी झाली.

चित्रपटातील आवली तर आणखी एक धडा देते. डोंगरावर बसलेल्या पतीसाठी ती भाकरी घेऊन चढते. आणि पती वैकुंठास चलण्याविषयी सांगतो तेव्हा मुलाबाळांचा संसार सोडून जाण्यास ती राजी होत नाही. प्रेक्षक हसतो, आणि मग अंतर्मुख होतो. विमानात बसणाऱ्यास जशी हाक आली, तशी चुलीपाशी उभ्या राहिलेलीसही आलीच नव्हती काय?

वीरकथेचा उपयोग एवढाच, की ती तरुण मनास थोर होण्याची हौस लावते. त्या हौसेचे व्रत होते ते मात्र पडद्याबाहेर: रात्रपाळीहून परतताना शेजाऱ्याच्या आजारी मुलास दवाखान्यात पोचवणाऱ्या, आणि त्याविषयी कोठेही न बोलणाऱ्या माणसाच्या ठायी.