इयत्ता नंतर, वाचन आधी

१९९५ साली मुंबईच्या वस्त्यांतल्या बालवाड्यांपासून कामाला लागलेली ‘प्रथम’ ही संस्था मूल कितवीत आहे ते नंतर पाहते. आधी त्याच्यापुढे एक कागद ठेवते: अक्षरं, सोपे शब्द, छोटा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. पाचवीतली मुलगी शब्दांपाशीच अडखळली, तर रोज थोडा वेळ ती शब्दवाल्यांच्या गटात बसते. शेजारी तिसरीतला असला तरी बिघडत नाही. बाराखडीचा तक्ता, जमिनीवर खडूने लिहिणं, मोठ्याने वाचन, गप्पा. पहिल्या नंबराला बक्षिसं वाटण्यापेक्षा हे मला कितीतरी कामाचं वाटतं. वाचता यायला लागलं की पुस्तकं हवीतच. ‘प्रथम बुक्स’ने २०१५मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टीही फुकट मिळतात.