पाण्यातला जिवाणू आणि पंढरीची वाट

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाला लोक 'धाकटी पंढरी' म्हणतात. आषाढीसाठी गडाची पालखी पंढरपूरला निघते. ज्यांना तिथवर जाणे जमत नाही, ते गडावरच एकादशीला माथा टेकतात. पंढरीच्या याच वाटांवर एक आजार पिढ्यान्‌पिढ्या वारकऱ्यांच्या पाठीला लागला होता. तो म्हणजे पटकी, म्हणजेच कॉलरा.

1817 साली बंगालातल्या जेसोरला साथ भडकली. वर्षभरात तिने दख्खन गाठले आणि ऑगस्ट 1818 मध्ये ती मुंबईत पोचली. पुढे शतकभर पंढरपूरच्या यात्रेत ती पुन्हा पुन्हा उसळत राहिली. चंद्रभागेच्या वाळवंटात अफाट गर्दी. तिथेच स्नान, तिथेच शौच आणि पिण्याचे पाणीही तिथलेच. यात्रा पांगली की घरी परतणाऱ्यांसोबत रोग गावात शिरे. गाव मग मरीआईला साकडे घालत असे.

1884 मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात स्वल्पविरामासारखा वाकडा जिवाणू या रोगाचे कारण म्हणून ओळखला. 1893 मध्ये वाल्डेमार हाफकिन पटकीची लस घेऊन भारतात आले; मुंबईच्या परळमधली संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. 1959 मध्ये कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी दाखवून दिले की जीव घेते ते या जिवाणूचे विष. त्या विषामुळे आतड्यातून पाणी अक्षरशः वाहून जाते.

पण हे विष जिवाणूचे मूळचे नव्हेच. तो मुळात पाण्यात राहणारा, सूक्ष्म जलचरांच्या कवचाला चिकटून जगणारा जीव. त्याच्या दोनशेहून अधिक प्रकारांपैकी मोठ्या साथी माजवल्या त्या फक्त दोघांनी. 1996 मध्ये मॅथ्यू वाल्डोर आणि जॉन मेकॅलानोस यांनी दाखवले, की विषाची जनुके एका विषाणूने जिवाणूत आणून सोडलेली आहेत. आतड्यात वसाहत करायला जे केसासारखे तंतू लागतात, त्यांनाच धरून हा विषाणू आत शिरतो. शिवाय कवचावर बसलेला जिवाणू आजूबाजूच्या पाण्यातला सुटा डीएनएही उचलतो. तरीही प्रत्येक प्रकार मारक होत नाही. वाफसा नसलेल्या रानात पेरलेले उगवत नाही. तसेच काही अनुकूल जनुकीय बदल आधीच झालेले असतील, तरच आलेले विष कामी येते.

त्या दोघांपैकी एकाच्या एल टोर या उपप्रकाराने हा प्रवास आपल्या डोळ्यांदेखत केला. 1905 मध्ये सिनाईच्या विलगीकरण केंद्रात तो सापडला, तेव्हा साथ पसरवण्याची ताकद त्याच्यात नव्हती. एकेक जनुक गोळा करत 1961 मध्ये तो इंडोनेशियातून जगभर निघाला आणि 1964 मध्ये भारतात आला. 1992 मध्ये चेन्नईत आणखी एक रूप दिसले. जिवाणूने बाहेरचे आवरणच बदलले होते, त्यामुळे जुन्या साथींतून प्रतिकारशक्ती मिळालेली मोठी माणसेही आजारी पडली.

माणसानेही उत्तरे शोधली. 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून तीस टक्क्यांच्या आसपासचा मृत्युदर चार टक्क्यांखाली आणला. बांगलादेशातल्या बायकांनी जुन्या साडीची निदान चारपदरी घडी घालून पाणी गाळले, तेव्हा पटकी जवळपास निम्म्याने घटली. जलचर कापडावर अडकले आणि त्यांना चिकटलेले जिवाणूही त्यांच्याबरोबर अडकले. आपल्याकडे घागरीच्या तोंडावर लुगड्याचा पदर धरणाऱ्या आज्यांची सवय मोलाची होती.

तरीही जुलै 2022 मध्ये मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारीत पटकीने माणसे गेली. तिथे लोक उघड्या विहिरीचे पाणी पीत होते.

दोन शतकांचा हा मागोवा एकच गोष्ट सांगतो: जिवाणू संधिसाधू आहे आणि संधी आपण देतो. दूषित पाण्यातून तो माणसात येतो, माणसातून कोट्यवधींच्या संख्येने पुन्हा पाण्यात जातो. प्रत्येक फेरीत त्याला बदलायला नवा वाव मिळतो. ही फेरी तोडायची तर विहिरीत टीसीएल पावडर वेळेवर पडली पाहिजे, पाण्यातला क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट खरोखर झाली पाहिजे आणि दिंडीच्या प्रत्येक मुक्कामी शौचालय व शुद्ध पाण्याचा टँकर आधी पोचला पाहिजे. वारकऱ्यांची हीसुद्धा सेवाच आहे आणि ती चुकता कामा नये.